उन्हातली नोकरी

वसंता तोरसकर गेल्याची बातमी मला कट्टा गावच्या एसटी थांब्यावर कळली. मालवणची गाडी आली, पिशवी सावरत मी चढलो, तिकिटासाठी हात पुढे केला, तर कंडक्टर तिकीट काढायचं सोडून माझ्याकडे बघतच राहिला. प्रकाश राऊळ, आमच्या तंत्रशाळेचा जुना विद्यार्थी. "सर, तुमी खंय होतात? तोरसकर सर गेले. काल दुपारी." मग जरा वाकून, आवाज उतरवून म्हणाला, "सगळां झालां पण. काल सांजेकच." मी इन्सुलीला पुतणीच्या सासरी गेलो होतो, तिथे कोण कळवणार... गाडी सुटली. खिडकीशी बसलो खरा, पण आपल्याला कुठे उतरायचंय ते काही वेळ आठवेचना. प्रकाशने मला तिकीट दिलं, पुढे जाऊन घंटी ओढली आणि बाकीच्यांची तिकिटं काढू लागला. या मुलाला वसंताने उन्हावर चालणारे दिवे जोडायला शिकवलं होतं. वसंताच्या खांदेकऱ्यांत तो होता, मी नव्हतो.

याला आता महिना होऊन गेला. शाळेतले सहकारी म्हणाले, तुम्ही त्यांचे जुने स्नेही, तुम्हीच लिहा. मी आरेखन शिकवणारा माणूस. खिळ्याचं चित्र काढायला सांगा, तिन्ही बाजूंनी काढून देईन. माणसाचं काढायचं म्हणजे कुठल्या बाजूने सुरुवात करावी कळत नाही. आणि खरं सांगायचं तर थकायला झालंय. वसंताचं आठवू लागलं की त्याच्याबरोबर गेलेली आठ-नऊ वर्षंही अंगावर येतात.

वसंता मुंबईत एका कारखान्यात वायरमन होता. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा नोकरी सोडून गावी आला आणि आमच्या तंत्रशाळेत वीजतंत्रीच्या वर्गाला शिकवायला लागला. उंच, सडपातळ, शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. बोलताना एक डोळा बारीक करायची सवय. आमची घरं जवळ, शाळेत जायची वाट एक, त्यामुळे मैत्री झाली असं म्हणण्यापेक्षा ती चालता चालता होऊन गेली. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आज या कार्यालयाची पाटी लागायची, उद्या त्या. त्या भरात आमच्याकडेही वरून एक नवा अभ्यासक्रम आला, सौर उपकरणांची जोडणी आणि दुरुस्ती. मुख्याध्यापकांनी तो कागद शिक्षकांच्या खोलीत फिरवला. प्रत्येकाने वाचला आणि शेजाऱ्याकडे सरकवला. वसंतापाशी आला तसा तो तिथेच राहिला.

त्याला शिकायला पुण्याला पाठवलं. परत आला तो स्टँडवरून घरी न जाता हातात पिशवी घेऊन थेट माझ्या ओसरीवर. पाणीसुद्धा प्यायला नाही. "रे, काचेची पाटी उन्हात ठेवली काय वीज येता! धूर नाय, आवाज नाय, काय्येक नाय. मी सोता हात लावन बघलंय." चाळिशी ओलांडलेला माणूस, पण चेहरा असा की जत्रेतून आलेलं पोर. माझी बायको आतून म्हणाली, "भावजी, वहिनींका तरी कळवलात काय, इलात म्हणान?" तेव्हा कुठे तो उठला.

पालकांची सभा भरली. मुख्याध्यापकांसमोर बोलायचं म्हणून वसंता शुद्ध मराठीत बोलला. "पुढची नोकरी उन्हात आहे," हे त्याचं पहिलंच वाक्य. मागच्या बाकावर सुकी मासळी विकणारी एक बाई बसली होती, ती उठून म्हणाली, "सर, आमी जल्मभर उन्हातच आसव. आमकां कोणी पगार देऊक नाय तो!" सगळी सभा हसली, वसंता सगळ्यांत जास्त हसला. मग त्याने समजावून सांगितलं. वाडीवाडीत दिव्यांचे खांब येतील, दवाखान्यांच्या छपरावर पाणी तापवायच्या टाक्या बसतील, बागांना पंप लागतील. ते बसवायला माणसं लागतील, बिघडले की दुरुस्त करायला लागतील, आणि ती माणसं मुंबईहून यायला नकोत, ती याच बाकांवरून उठून जातील. तो थापा मारत नव्हता. पुण्याला त्याला हेच सांगितलं होतं, आणि सांगणाऱ्यांचाही त्यावर विश्वास असावा.

वर्ग शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा, पण अर्धा दिवस सगळे बाहेर अंगणातच. माझं आरेखन संपलं की मी तिथे जाऊन उभा राहायचो. वसंता पाटीला तारा जोडायचा, मुलांना मीटरचा काटा दाखवायचा आणि एखाद्याला म्हणायचा, "हात धर तिच्यार." मुलगा कोपऱ्यावर नुसता तळवा धरायचा आणि काटा धाडकन खाली. मुलांना वाटायचं, एवढासा कोपरा झाकला तर एवढंसंच कमी व्हायला हवं. "नाय," वसंता म्हणायचा, "ह्यो सगळ्यांनी मिळान ओढूचो गाडो आसा. एक थांबलो काय सगळे थांबले." माडाची एक झावळी आड आली तरी दिवा रुसतो, हे त्यांना तिथे कळलं. समुद्रावरच्या वाऱ्यातलं मीठ तांब्याला कसं खातं, ते कळलं. जोडावर ग्रीस लावल्याशिवाय पेटी बंद करायची नाही, हे तर त्याने इतक्या वेळा सांगितलं की मुलं पाठीमागे त्याची नक्कल करायची. त्याला ते माहीत होतं.

पहिल्याच वर्षी त्या वर्गात एक मुलगी आली, सुनंदा. वडील नव्हते, काकांकडे राहायची. काका शाळेत आले ते भांडायलाच. शिवण शिकूक धाडलंलां, ह्यां काय? "उद्या आमचां चेडू खांबार चढतला?" वसंता हातातलं काम न थांबवता म्हणाला, "चढतला. खांबाक काय कळता, वर चेडू आसा काय झील?" काकांनी तिला काढून मात्र नेलं नाही. ती पोर कमी बोलायची. तारांच्या जोडांना शिशाचा डाग द्यायला बसली की जीभ दातांत धरून असा डाग द्यायची की वसंता तो इतर मुलांच्या हातांतून फिरवायचा.

खाडीपलीकडे एक वाडी होती. तिथे विजेचे खांब पोचले नव्हते आणि लवकर पोचण्यातलेही नव्हते. सरकारच्या योजनेतून तिथे उन्हावरचे रस्त्याचे दिवे मंजूर झाले. सामान बाहेरून आलं, बसवणारा ठेकेदारही बाहेरचाच, पण वसंताने हातापाया पडून मदतनीस म्हणून आपली मुलं घुसवली. होडीतून पाट्या नेल्या, बॅटऱ्या नेल्या. सुनंदा खांबावर चढली, तेव्हा खाली तिचे काका छत्री धरून उभे होते. का ते त्यांनाच ठाऊक, पाऊस तर नव्हता. दिवस कलला आणि तरीकडे, होडीच्या धक्क्याकडे, जाणाऱ्या वाटेवरचा पहिला दिवा आपोआप लागला. कोणी बटण दाबलं नाही, कोणी काही केलं नाही. एक म्हातारी खांबाजवळ गेली, वर बघितलं, मग वसंताकडे बघून म्हणाली, "इजवूचो कसो?" वसंता म्हणाला, "आजये, सकाळी ऊनच इजवतला." म्हातारी बराच वेळ विचार करत उभी राहिली. परत येताना होडीत वसंता नुसता मागे वळून बघत होता.

मला वाटतं, त्याच्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस. लवकर आला आणि पुन्हा आला नाही.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर दिवे एकेक करून मिटू लागले. बिघाड फार मोठे नसत. कुठे जोड मिठाने खाल्लेला, कुठे बॅटरीत पाणी घालायचं राहिलेलं. वाडीतली माणसं वसंताकडे यायची, वसंता कार्यालयात जायचा. तिथे सांगायचे, दिवे खात्याचे आहेत, दुरुस्ती ठेकेदार करील, परक्या माणसाने हात लावायचा नाही. ठेकेदार यायचा नाही. वसंता विचारायचा, "मग दुरुस्तीसाठी माणसं नेमा. माझ्याकडे शिकलेली आहेत." साहेब बरे होते, त्यांनी चहा पाजला. म्हणाले, "तोरसकर, तसं पदच नाही." हे वाक्य घेऊन तो माझ्याकडे आला आणि माझ्या ओसरीवर बसून पुन्हा पुन्हा म्हणाला, "पदच नाय रे. आमी जेच्यासाठी पोरां तयार करतव, तां पदच नाय."

तोवर दोन वर्षांच्या तुकड्या शिकून बाहेर पडल्या होत्या. कोणी काजूच्या कारखान्यात वेंगुर्ल्याला गेलं, कोणी मुंबईला काकाच्या खोलीवर. प्रकाशने एसटीचा अर्ज भरला. पण त्यांच्यातला रमाकांत थांबला. रमाकांतचा मामा बोटीवर होता, त्याने भाच्यासाठी जागा बघून ठेवली होती. रमाकांत वसंताला विचारायला आला, "जाव काय सर?" वसंता म्हणाला, "थांब. वर्षभरात जागा निघतली." त्याला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. वर्ष गेलं. जागा निघाली नाही. आणखी एक वर्ष गेलं.

एका रविवारी सकाळी मी वसंताकडे बसलो होतो, तेव्हा रमाकांत आला. अंगावर धुतलेला शर्ट, खांद्याला पिशवी. पाया पडला. "सर, जातंय. गोंयाक. हॉटेलात काम गावलां."

"कसलां काम?"

"भांडी धुवूची."

शालिनीवहिनी चहा घेऊन बाहेर आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या. रमाकांतच म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं सांगणं होतं, "तुमी थांब सांगलात म्हणान रवलंय, सर. मामान ती जागा दुसऱ्याक दिल्यान. आता आई काय बोलणा नाय, पण जेवताना माझ्याकडे बघणा नाय." चहा पिऊन, कप विहिरीवर विसळून तो गेला. वसंता रागावला असता, रडला असता तर बरं झालं असतं. तो तसाच बसून राहिला. त्याचा चहा निवून वर साय धरली. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "तुमी काय मुद्दाम केलात?" "मुद्दाम नाय केलंय," तो म्हणाला, "पण तेचां काय गेलां तां काय परत येवचां नाय."

पुढच्या जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. वरून ताकीद आली होती, मुलं भरली नाहीत तर वर्ग बंद. मुख्याध्यापकांनी वसंताला बोलावून सांगितलं, जरा गोड बोला, वर्ग टिकला तर तुमचंच नाव आहे. वसंता टेबल मांडून बसला, शेजारी कागदपत्रं तपासायला मी. पहिले आले ते एक भंडारी गृहस्थ, मुलाला घेऊन. त्यांनी विचारलं, "नोकरी लागतली मां, सर?"

वसंताने पेन खाली ठेवलं. "शिकवीन चांगलां," तो म्हणाला. "हातात कला येतली, ती कोणी काढून घेवचो नाय. पण नोकरी आसा असां मी सांगूचंय नाय. आज तरी नाय. पुढे होतली काय, माका ठावक नाय."

ते गृहस्थ माझ्याकडे बघू लागले, जणू मी काही वेगळं सांगेन. मग मुलाचा हात धरून सुतारकामाच्या टेबलाकडे गेले. दुसरे आले, वसंताने तेच सांगितलं. तिसऱ्यांनाही तेच. दुपारपर्यंत आमच्या टेबलासमोरची रांग संपली आणि शेजारची वाढली. एक मुलगा तेवढा हटून बसला होता, मला हेच शिकायचंय म्हणून. वसंताने त्याला जवळ घेतलं, बराच वेळ हळू आवाजात काही सांगितलं आणि स्वतः उठून वीजतंत्रीच्या टेबलाशी नेऊन उभं केलं.

संध्याकाळी मुख्याध्यापक शेडमध्ये आले. "तोरसकर, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलात." वसंता शांतपणे म्हणाला, "माझ्याच पायावर पडला ना, सर? मग हरकत नाही."

वर्ग बंद झाला. पाट्या, मीटर, बॅटऱ्या यादी करून कोठीत गेल्या आणि कोठीला सील लागलं. वसंता पुन्हा वीजतंत्रीच्या वर्गाला गेला. चांगलं शिकवायचा, पण शाळा सुटली की सरळ घरी. पूर्वी वाटेत त्याच्या बोलण्यामुळे मला घरी पोचायला उशीर व्हायचा. आता आम्ही दोघं नुसते चालायचो. एकदा तरीच्या फाट्याशी थांबून तो म्हणाला, "कंटाळलंय रे. कामाक नाय. खरां बोलान कंटाळलंय. खोटां बोललेल्याक निदान कोण तरी शिव्या घालता..."

सुनंदाने मात्र कट्ट्याला बाजारात छोटं दुकान टाकलं. पंखे, रेडिओ, मिक्सर, पाण्याच्या मोटारी. काका गल्ल्यावर, ती आत. सुट्टीच्या दिवशी ती वसंताला घेऊन होडीने खाडीपलीकडे जायची. परवानगी नव्हतीच. एक जोड घासायचा, एक बॅटरी भरायची, जमेल तेवढा एखादा दिवा उठवायचा. कोणीतरी कळवलं, आणि खात्याकडून वसंताला खुलासा मागितला गेला, शासकीय मालमत्तेत हस्तक्षेप का केला म्हणून. त्याने सरळ लिहून दिलं, अंधार होता म्हणून. साहेबांनी तो कागद पुढे नेला नाही, एवढी त्यांची माणुसकी. पण त्यानंतर वसंता गेला नाही. तोवर साखरेचा विकार बळावला होता, पायाची जखम भरत नव्हती.

शेवटचं भेटलो ते त्याच्या घरीच. खाटेवर पडून होता, एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघत. मी बसल्याबरोबर म्हणाला, "रमाकांत येवन गेलो." त्याच्या हॉटेलच्या मालकाने छपरावर पाणी तापवायच्या सौर टाक्या बसवल्या होत्या. महिन्याभरात त्या गळू लागल्या, बसवणारे फिरकेनात. भांडी धुणारा पोरगा म्हणाला, मी बघतो. आता तो भांडी धूत नाही. तो आणि आसपासच्या हॉटेलांची छपरं. मला इतका आनंद झाला की मी वसंताचा हातच धरला. "बघ, शेवटी तुझां शिकवलेलां कामाक इलां!"

वसंता छताकडे बघत होता. "कामाक इलां तां बरां झालां," तो म्हणाला. "पण तां तेच्या नशिबान झालां रे. माझ्या सांगण्यान नाय. टाक्यो गळल्यो नसत्यो तर?" मग म्हणाला, "पण तो हसत होतो. मी आधी कधी तेका हसताना बघूक नाय होतंय." एवढं बोलून त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मी उठलो तर डोळे न उघडताच म्हणाला, "इन्सुलीक जावन ये. पुतणीक इचारलंय म्हणान सांग."

गेल्या आठवड्यात शाळेत एक टेबल कमी पडलं म्हणून मी मागच्या शेडमध्ये गेलो. इतक्या वर्षांत तिथे पाऊल टाकलं नव्हतं. आता तिथे टंकलेखनाचा वर्ग भरतो, बहुतेक मुली. यंत्रांचा कडकडाट चालला होता. समोरच्या भिंतीवर वसंताने लावलेली फळी तशीच आहे. काळी रंगवलेली, तिच्यावर पांढऱ्या रंगाने एकेका हत्याराची आकृती काढलेली आणि प्रत्येक आकृतीत एक खिळा. ही पकडीची, ही कानशीची, ही शिशाचा डाग द्यायच्या इस्त्रीची. कुठली वस्तू कुठे टांगायची ते वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. आकृत्या मी काढून देतो म्हणालो होतो, पण त्याने स्वतःच काढल्या, हत्यार फळीवर धरून भोवती ब्रश फिरवत. त्यामुळे थोड्या वाकड्या आल्यात. त्याचा नियम एकच होता. दिवस संपताना एकही आकृती रिकामी दिसता कामा नये. एक पक्कड जरी जागेवर नसली तरी ती सापडेपर्यंत दार उघडायचं नाही, मग कोणाची एसटी चुकली तरी चालेल. स्वतःचीही.

आता त्या खिळ्यांवर मुलींच्या पिशव्या आणि छत्र्या होत्या. इस्त्रीच्या आकृतीवर कोणाचा तरी डबा लटकत होता. टंकलेखनाच्या बाईंनी विचारलं, "सर, ही फळी काढून घ्यायची का? मुली विचारतात हे कसले आकार." मी म्हटलं, काढायची तर आधी शाळेच्या सामानाच्या यादीत शोधावी लागेल, राहू दे. मग घंटा झाली. यंत्रांवर खोळी चढल्या, मुली उठल्या, आपापली पिशवी, छत्री घेऊन निघाल्या, बाईही गेल्या. मी टेबल न्यायला शिपायाची वाट बघत तिथेच उभा होतो. फळीवर एकूण एक आकृती रिकामी होती.

वसंता असता तर त्याने आज आमच्यापैकी कोणालाच घरी सोडलं नसतं.